कार्बन चाकं घ्यायची का? पैसे टाकायच्या आधी करायचा हिशेब

दिवाळीचा बोनस जमा झाला की आमच्या राईडच्या ग्रुपवर कोणीतरी हमखास विचारतं, "कार्बन व्हील टाकू का?" (म्हणजे ॲल्युमिनियमऐवजी कार्बन फायबरच्या रिमची चाकं) आणि लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते डोळे झाकून टाक, सायकल नुसती पळत सुटते, दुसरी म्हणते आधी पोट कमी कर मग बघू. विचारणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, तो बिचारा रात्री दोन वाजेपर्यंत रिव्ह्यू बघत बसतो आणि सकाळी राईडला दांडी मारतो.

मी पुण्यात रोड बाईक चालवतो, आठवड्याला दीडेकशे किलोमीटर, अधूनमधून बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची २००, ३०० किलोमीटरची लांब राईड), सिंहगड ठरलेला. गेली चार वर्षं कार्बन चाकांवर आहे आणि त्यातली एक जोडी स्वतःच्या हाताने वाया घालवलीये. त्यामुळे आता कोणी विचारलं की मी हो किंवा नाही सांगतच नाही, कागद-पेन घ्यायला सांगतो. तोच हिशेब इथे मांडतो, आकडे तुमचे टाका आणि उत्तर तुमचं तुम्ही काढा.

आधी सध्याची चाकं सायकलवरून काढून वजन करा. टायर, ट्यूब, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या), डिस्क ब्रेक असेल तर रोटर (ब्रेकची धातूची तबकडी), सगळं उतरवून, नुसती चाकं. किचनमधला काटा चालतो, फक्त घरात कोणी नसताना करा. लाखभराच्या आतबाहेरच्या रोड बाईकवर कंपनीतून येणारी जोडी बहुतेक वेळा १९०० ते २१०० ग्रॅम भरते. ५० मिमी खोलीची (खोली म्हणजे टायरच्या काठापासून स्पोककडे रिमची उंची) बऱ्यापैकी कार्बन जोडी १४०० ते १५५० ग्रॅमच्या घरात असते. म्हणजे साडेचारशे-पाचशे ग्रॅम वाचले, आणि इथेच बहुतेकांचा निर्णय होऊन जातो कारण हातात दोन्ही चाकं धरली की फरक खरंच जाणवतो. पण चाक हातात धरून कोण चालवतं, म्हणून पुढचा हिशेब करू.

सिंहगडच घ्या. पायथ्यापासून वर पार्किंगपर्यंत ढोबळमानाने ६०० मीटर उंची चढायची. समजा तुम्ही ७० किलो, सायकल, पाणी, बूट, हेल्मेट धरून एकूण ८२ किलो, आणि २०० वॅट सलग लावता. तुम्हाला वर पोचायला साधारण ४५-४६ मिनिटं लागतील. आता त्यातून ४५० ग्रॅम काढा. किती वेळ वाचला? शाळेतलं वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची, भागिले वॅट. उत्तर येतं १३ ते १५ सेकंद. वर गेल्यावर मडक्यातलं दही घ्यायचं का ताक यावर आपण याच्यापेक्षा जास्त वेळ घालवतो. बाटलीत अर्धा लिटर पाणी कमी भरलं तरी तेवढाच फरक पडतो आणि तो फुकट मिळतो (उन्हाळ्यात करू नका).

यावर लगेच कोणीतरी म्हणणार की अहो पण ते फिरणारं वजन आहे, चाकातलं एक ग्रॅम म्हणजे फ्रेममधले दोन ग्रॅम. बरोबर आहे, पण फक्त वेग वाढवतानाच. रिमच्या कडेला असलेल्या वजनाला पुढेही न्यावं लागतं आणि गोलही फिरवावं लागतं म्हणून ऊर्जा दुप्पट लागते, इथपर्यंत खरंय. पण आकडा बघा ना, थांबलेल्या अवस्थेतून ३६ च्या स्पीडला जाताना तुम्हाला आणि सायकलला मिळून ४१०० ज्यूल लागतात आणि त्या ४५० ग्रॅमचे, सगळे रिमवरच आहेत असं धरलं तरी, ४५ ज्यूल. एक टक्का. सिग्नल सुटल्यावर सायकल "उसळते" असं जे वाटतं त्यात थोडा हा एक टक्का असतो, थोडा नव्या चाकाचा ताठपणा आणि बाकी सगळा दिलेल्या पैशांचा परिणाम. मला पण वाटलं होतं, नाही असं नाही.

म्हणजे वजनासाठी कार्बन घेत असाल तर सरळ नका घेऊ. १५०० ते १६५० ग्रॅमची चांगली ॲल्युमिनियम चाकं मिळतात, फुलक्रम, कॅम्पॅग्नोलो, डीटी स्विस यांची, कार्बनच्या मानाने बऱ्याच कमी पैशात, आणि ती खड्ड्याला जास्त समजूतदार असतात.

कार्बनचा खरा मुद्दा हवा आहे. ५० मिमी खोल रिम ॲल्युमिनियममध्ये बनवली तर ती जड होते, कार्बनमध्ये ती खोली आणि तो गोलसर आकार वजन न वाढवता मिळतो. सपाटीवर ३० च्या वर गेलं की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि लागणारे वॅट वेगाच्या घनाने वाढतात, वेग दुप्पट तर हवेसाठीची ताकद आठपट. प्रो लोकांच्या सायकलला यूसीआयची, म्हणजे जागतिक सायकलिंग संघटनेची, किमान ६.८ किलोची अट २००० सालापासून आहे, त्यामुळे एका मर्यादेनंतर वजन कमी करून त्यांना फायदाच नाही, म्हणून सगळं पेलोटॉन (रेसमधला मुख्य घोळका) खोल रिमवर दिसतं. पण ते ४५ ने जातात. आपण?

इथे एक छोटी चलाखी समजून घ्या. कंपन्या जाहिरातीत "१५ वॅट वाचतात" म्हणतात तेव्हा बारीक अक्षरात वेग लिहिलेला असतो, बऱ्याचदा ताशी ४५ किंवा ४८. आणि तुलना कशाशी केलीये तेही बघा, बहुतेक वेळा जुन्या चपट्या रिमशी. आता ४५ ला १५ वॅट असतील तर ३० ला किती? तीस भागिले पंचेचाळीस, त्याचा घन, म्हणजे जवळपास ०.३. साडेचार वॅट उरले. २५ ला अडीच वॅट. कुठलंही चाक घ्यायच्या आधी त्याचा आकडा असा आपल्या वेगावर उतरवून घ्या, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर एका मिनिटाचं काम आहे.

मात्र प्रामाणिकपणे सांगायचं तर या हिशेबाला दुसरी बाजू पण आहे जी "तू हळू आहेस तुला काय उपयोग" म्हणणारे विसरतात. हळू चालवणारा रस्त्यावर जास्त वेळ असतो. मी दोन्ही वेग घालून बघितले, सपाट ४० किलोमीटरला ३० वाल्याचा आणि २५ वाल्याचा वाचणारा वेळ जवळपास सारखाच येतो, पाऊण ते एक मिनिट. २०० च्या बीआरएमला, पूर्ण एकट्याने चालवलं तर, पाचेक मिनिटं. आता २०० च्या बीआरएमला वेळ मिळतो साडेतेरा तास आणि त्यात नंबर वगैरे कोणी देत नाही, तर ती पाच मिनिटं कुठे वापरणार, मिसळीवर? आणि ग्रुपमध्ये दुसऱ्याच्या मागे चालवत असाल तर वाऱ्याचा मार तसाही कमी असतो म्हणून फायदा अजून कमी होतो. ज्याला टाइम ट्रायल (घड्याळाविरुद्ध एकट्याची रेस) मारायचीये, ट्रायथलॉनमध्ये ९० किलोमीटर एकट्याने खाली वाकून काढायचेत, किंवा रेसमध्ये ब्रेकअवेमध्ये (घोळका सोडून पुढे) जायचंय, त्याला मात्र हे आकडे खरे पैसे वसूल करून देतात. त्याने पुढचं सगळं वाचून सरळ खरेदीला लागावं.

आणि एक लक्षात असू द्या, हवेतला सगळ्यात मोठा अडथळा तुम्ही स्वतः आहात, चाक नाही. फडफडणारी ढगळ जर्सी आणि ताठ बसलेला माणूस खाली दोन लाखांची चाकं घेऊन चाललाय, हे दृश्य रविवारी सकाळी हायवेला दिसतंच.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरंतर हे लिहायला घेतलं. टायर.

कंपनीतून आलेलं तारेच्या काठाचं जाड टायर आणि चांगलं रेसिंग टायर, उदाहरणार्थ काँटिनेंटलचं जीपी ५००० किंवा व्हिटोरियाचं कोर्सा, यांच्या घर्षणात इतका फरक असतो की आपल्याच ८२ किलोला ३० च्या वेगात १५ ते २० वॅट वाचू शकतात. परत वाचा. चाकं साडेचार वॅट, टायर पंधरा-वीस. आणि टायरचा फायदा चढावर पण मिळतो, ग्रुपमध्ये मागे बसून पण मिळतो. जोडी आणि चांगल्या ट्यूब धरून दहा-बारा हजारांत काम होतं. वर हवेचा दाब. आपल्याकडे अजूनही १२० पीएसआय ठासून भरायची सवय आहे, दगडासारखं टायर म्हणजे फास्ट असं वाटतं, पण खडबडीत रस्त्यावर तसं टायर उड्या मारतं आणि तुमची ताकद हादऱ्यात जाते. ७० किलोच्या माणसाला २८ मिमी रुंदीच्या टायरमध्ये ७० ते ७५ पुष्कळ झाले, मागे थोडी जास्त पुढे थोडी कमी. हे सगळं आधी करा, दोन महिने चालवा, मग बघा चाकांची भूक राहिलीये का. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांची इथेच मिटली.

टायर झाले, अंगाला बसणारे कपडे झाले, बाईक फिट करून घेतलं, आणि तरीही चाकं हवीच आहेत? चला मग, आता तुमच्या सायकलला कोणती बसतील ते बघू, कारण इथे चुका महाग पडतात.

ब्रेक कुठला ते आधी. रिम ब्रेक असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, कार्बन क्लिंचर (नेहमीचं ट्यूब-टायर घालायची कार्बन रिम) नका घेऊ, निदान घाटात उतरणार असाल तर. रिम ब्रेक म्हणजे ब्रेक थेट रिमच्या भिंतीवर घासतो, सगळी उष्णता तिथे. ॲल्युमिनियम ती पटकन बाहेर टाकतं, कार्बनच्या थरांना धरून ठेवणारं रेझिन तापत जातं आणि फार तापलं तर मऊ पडतं, भिंत फुगते, थर सुटतात. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना घाबरून सतत ब्रेक दाबून धरणारा माणूस नेमकं हेच करत असतो. पावसात तर अजून मजा, ब्रेक दाबला की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम धरतो. त्यातूनही घ्यायचीच असतील तर कार्बनसाठीचे वेगळे ब्रेक पॅड लागतात, जुने ॲल्युमिनियम रिमवर वापरलेले पॅड चुकूनही लावू नका, त्यात अडकलेले धातूचे कण रिमला ओरबाडतात. लेटेक्स ट्यूब तर अजिबात नको. आणि आता जवळजवळ सगळ्या नव्या चांगल्या रोड बाईक डिस्कच्या येतायत, म्हणजे रिम ब्रेकची महागडी चाकं तुमच्या पुढच्या सायकलला लागणार नाहीत हे पण धरा.

डिस्क असेल तर ब्रेकच्या उष्णतेचा प्रश्न मिटला. मग ॲक्सल बघा, बहुतेक नव्या सायकलींना पुढे १२ बाय १०० आणि मागे १२ बाय १४२ थ्रू ॲक्सल (आरपार जाणारा जाड दांडा) असतो, पण सुरुवातीच्या काही डिस्क रोड बाईक क्विक रिलीजच्या (खटक्याने सैल होणाऱ्या बारीक दांड्याच्या) होत्या, त्यांना ही चाकं तशीच बसत नाहीत. रोटर सेंटर लॉक (एकाच मोठ्या रिंगने आवळणारा) का सहा बोल्टवाला तेही बघा. मग फ्रीहब, म्हणजे मागच्या चाकाचा ज्यावर कॅसेट चढतं तो भाग. शिमानोचं ११ स्पीडवालं रोड फ्रीहब घेतलं की शिमानोचं १२ स्पीड रोड कॅसेट पण त्यावर बसतं, स्रॅमचं १० दातांपासून सुरू होणारं कॅसेट असेल तर एक्सडीआर नावाचं वेगळं फ्रीहब लागतं. आणि शिमानोच्या क्लॅरिस, सोरा, टियाग्रावाल्यांनो, म्हणजे ८, ९, १० स्पीड, तुमचं कॅसेट ११ च्या फ्रीहबवर घालायला मागे १.८५ मिमीची एक चकती लागते. ही चकती दहा-वीस रुपयांच्या वॉशरसारखी दिसते पण ती नसेल तर कॅसेट खुळखुळतं. मला हे ३०० च्या बीआरएमच्या आदल्या रात्री साडेदहाला कळलं. पार्सलमध्ये चकती नव्हती, विकणाऱ्याचं म्हणणं ती पाठवली होती, शेवटी जुनी चाकं परत लावून गेलो आणि खरं सांगायचं तर तसूभरही हळू गेलो नाही.

फ्रेममध्ये जागा किती ते मोजा. नव्या रिम आतून २१, २३, २५ मिमी रुंद असतात आणि रुंद रिमवर तेच २८ चं टायर फुगून २९-३० होतं. जुन्या फ्रेममध्ये २५ च्या पुढे काही जात नाही, तिथे हे टायर ब्रेकला नाहीतर चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) घासणार. दोन्ही बाजूंना निदान चार मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे, आपल्याकडे पावसाळ्यात चिखल बसतो तो वेगळाच. हवेच्या फायद्यासाठी रिमची बाहेरची रुंदी टायरपेक्षा थोडी जास्त हवी, १०५ टक्के असा एक ढोबळ नियम आहे, म्हणजे अरुंद रिमवर जाड टायर चढवलं तर ज्यासाठी पैसे दिले तो फायदा बराचसा गेला.

मग हुकलेस. हे नीट वाचा कारण दुकानात कोणी सांगत नाही. काही कार्बन रिमच्या आतल्या काठाला टायर अडकवायची ती वळलेली कड नसते, सरळ भिंत असते. बनवायला सोपी, स्वस्त. पण त्यावर हुकलेसला चालतं असं लिहिलेलं ट्यूबलेस टायरच घालायचं आणि हवा जास्तीत जास्त ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, त्यापुढे एक ठोका नाही. २०२४ च्या यूएई टूरमध्ये थॉमस डी गेंटचं टायर रिमवरून निघालं तेव्हा या विषयावर प्रो मंडळींतच केवढा गदारोळ झाला होता. चाक दगडावर आदळलं होतं असं नंतर सांगितलं गेलं, तरी शंका काही गेलेली नाही. माझा विचार करायचा तर, जिथे पेट्रोल पंपावरचा पोरगा प्रेमाने १०० भरून देऊ शकतो तिथे मला हुकवालीच रिम हवी. ९० किलोच्या वर वजन असेल तर जास्तच. आणि हो, चाकांना वजनाची मर्यादा असते, ती माणसाची सांगितलीये का माणूस-सायकल-सामान मिळून, ते वाचा.

खोली किती घ्यायची यावर लोक भांडतात, मला त्यात फार गंमत नाही वाटत. रोज एकच जोडी वापरायची असेल तर ४० ते ५०. तुम्ही ५५-६० किलोचे असाल तर पुढे ४० च्या वर जाऊ नका कारण आडवा वारा पुढच्या चाकाला धरतो आणि हँडल हातातून ओढल्यासारखं होतं. मागचं चाक खोल असलं तरी चालतं, ते वळत नाही. साताऱ्याच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर तिथे पवनचक्क्या काय उगीच नाही उभ्या केल्या, मी ५० मिमीवर तिथे अक्षरशः तिरका चालवत होतो. पण खरा त्रास पठारावर नसतो, हायवेला असतो, शेजारून कंटेनर गेला की आधी ढकलतो आणि लगेच आत ओढतो. हायवेचे किलोमीटर जास्त असतील तर ३५-४० घ्या, दोन वॅट कमी वाचतील, जीव शांत राहील.

आता खड्डे. "कार्बन चाक आपल्या रस्त्यावर टिकतं का" हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर आहे की टिकतं, लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच चांगलं. चांगल्या बनावटीची रिम ॲल्युमिनियमपेक्षा कमी "आउट" जाते (म्हणजे फिरताना डुगडुगते), माझ्या सध्याच्या जोडीचा तीन वर्षांत एकदाच आउट काढावा लागला. फरक मोडण्याच्या पद्धतीत आहे. ॲल्युमिनियमची रिम खड्ड्यात गेली की वाकते, पोचा येतो, कोपऱ्यावरचा सायकलवाला ठोकून ठोकून घरी जाण्याइतकी सरळ करून देतो. कार्बन वाकत नाही, एका मर्यादेपर्यंत काहीच होत नाही आणि मग तडा जातो, आणि तडा गेला की ते चाक संपलं. माझी पहिली जोडी अशीच गेली, जुलैमध्ये, पाण्याने भरलेला खड्डा, खाली काँक्रीटचा काठ होता, आवाज ऐकूनच कळलं. त्या रस्त्याने पावसात जायला कोणी सांगितलं होतं, कोणी नाही. घरी आल्यावर नाण्याने रिमभर टकटक करून बघितलं, सगळीकडे टणक आवाज आणि एका जागी भदभद. जुनी चाकं विकत घेताना पण हे करा, टायर उतरवून, आतल्या काठावर बोट फिरवून, स्पोकच्या भोकांजवळ बॅटरी मारून. विकणारा टायर उतरवू देत नसेल तर चहा प्या आणि निघा.

व्हॉल्व्हचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. ५० मिमी खोल रिमला ८० मिमीचा व्हॉल्व्ह लागतो, साध्या ट्यूबला ४८ किंवा ६० असतो. एकदा वाईजवळ सुरूर फाट्याच्या अलीकडे दुसरं पंक्चर झालं, माझी एकुलती एक ट्यूब आधीच वापरलेली, ग्रुपमध्ये पाच जण, पाचही जणांनी आपापली ट्यूब काढून दिली आणि एकाचाही व्हॉल्व्ह रिमच्या बाहेर येईना. एक्स्टेंडर (व्हॉल्व्ह लांब करणारी नळी) बावीस किलोमीटर मागे कोणाच्या तरी गाडीत. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याने सोल्युशन लावून पॅच मारून दिला, चाकाकडे बघून विचारलं किती लाखाचं, मी खोटं सांगितलं. तेव्हापासून दोन लांब व्हॉल्व्हच्या ट्यूब आणि एक एक्स्टेंडर सॅडलखाली कायम. ट्यूबलेस केलंत तर सीलंट (टायरच्या आतलं, भोक बुजवणारं द्रव) आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी बघत जा, वर्षभर टिकेल या भ्रमात राहू नका.

खरेदीचं बोलू. चिनी कंपन्यांची, एलिटव्हील्स, विनस्पेस, लाइट बायसिकल वगैरे, थेट मागवलेली जोडी साधारण पन्नास हजारांपासून लाखापर्यंत जाते, मोठ्या नावांची दीड-दोन लाखांच्या पुढे. थेट मागवताना वेबसाइटवरचा डॉलरचा आकडा बघून खूश होऊ नका, कस्टम ड्युटी आणि त्यावर जीएसटी लागून दारात पोचेपर्यंत किंमत बरीच चढते. चिनी म्हणून नाक मुरडायची गरज नाही, कार्बन रिम बऱ्याचशा तिकडेच बनतात. मी दोन गोष्टींवर अडून बसतो. एक, स्पोक साधे स्टीलचे, वळलेल्या डोक्याचे असावेत आणि निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) बाहेरून पान्याने फिरवता यावेत, कारण कार्बनचा स्पोक तुटला तर तुमच्या गावात तो मिळणार नाही, आणि निपल रिमच्या आत लपलेले असले की नुसता आउट काढायला पण टायर उतरवावं लागतं. चार-सहा जादा स्पोक सोबतच मागवून ठेवा, लांबी पुढची-मागची, डावी-उजवी वेगळी असते. दोन, वॉरंटी. "दोन वर्षं" एवढं वाचून थांबू नका, बिघडलेलं चाक परत पाठवायचा खर्च कोणाचा आणि खड्ड्यात फुटलं तर सवलतीत नवी रिम देतात का, हे ईमेलवर लेखी विचारा. उत्तर गोलगोल आलं तर पुढच्या दुकानात.

शक्य असेल तर घ्यायच्या आधी कोणाची तरी चाकं दोन रविवार मागून घ्या. आमच्याकडे लोक देतात, चहा-वडापाववर. टायर तुमचेच घाला, हवा तीच ठेवा, नाहीतर चाकाचं क्रेडिट टायर घेऊन जाईल. पहाटे वारा नसताना तोच रस्ता जाऊन-येऊन करा, आणि स्ट्राव्हा ॲपवर पीआर (स्वतःचा सगळ्यात कमी वेळ) पडला म्हणून नाचू नका, नव्या चाकावर माणूस आपोआप जोर लावतो. पॉवर मीटर असेल तर वॅट सारखे ठेवून वेळ बघा. नसेल तर निदान हे बघा की पसरणी घाट उतरताना, बोपदेवच्या वळणांवर, हायवेला ट्रक शेजारून जाताना तुम्हाला ती चाकं आवडतात का. वॅटपेक्षा हे जास्त कळतं दोन रविवारांत.

आणि आता जे कोणी कबूल करत नाही ते. ती दिसतात भारी. काळी खोल रिम, फ्रीहबचा तो करकर आवाज, ग्रुपमध्ये मागून कोणीतरी "ओ हो" म्हणतं. माझं अर्धं कारण हेच होतं आणि मला त्याची काही लाज नाही, कोणी लाखाचा मोबाईल घेतं, कोणी लग्नाला सूट शिवतं. ईएमआय न काढता, घरात खोटं न बोलता (किंमत निम्मी सांगणे म्हणजे खोटंच, सगळे करतात) परवडत असेल आणि सायकल बघून पहाटे पाचला उठावंसं वाटत असेल तर खुशाल घ्या. फक्त तसं स्वतःला सांगा, मग पहिल्या महिन्यात सिंहगडावर पंधराच सेकंद कमी झाले म्हणून चिडचिड होत नाही.

घेतल्यावर जुनी चाकं विकू नका, ओएलएक्सवर त्यांना फार काही येत नाही. जुनं कॅसेट, जुने टायर त्यांच्यावरच ठेवा आणि जून ते सप्टेंबर तीच लावा. डिस्क असेल तर जुन्या चाकांचे रोटर पण त्यांच्यावरच राहू द्या, दोन्ही हबमध्ये रोटरच्या जागेत बारीकसा फरक निघतो आणि ब्रेक घासायला लागतो, तेव्हा सेंटर लॉकला पातळ शिम (चकती) मिळते ती घाला, नाहीतर दर वेळी कॅलिपर सैल करून ब्रेक दाबून परत आवळा, पाच मिनिटांचं काम आहे. गिअर पण एखादा क्लिक इकडेतिकडे लागतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळ्या स्पोकवर बोटाने टिचकी मारून आवाज ऐका, एखादा ढिला वाजला तर चाक बनवता येणाऱ्या माणसाकडेच न्या.